थंड साचा

लोखंडात काय कमी, काय जास्त, ते मला भट्टीच्या तोंडाशी उभं राहून कळतं. बावीस वर्षं झाली की! मी कृष्णात. उचगावात घर आन् पलीकडं फौंड्री, दोनच जागा मला ठाऊक. म्हणून लॅबमधी स्पेक्ट्रो मशीनवर कसबा बावड्याची पोरगी बसणार म्हणल्यावर मला हसू आलं. क्रांती तिचं नाव. बाप साखर कारखान्यात उसाच्या रसाचा उतारा तपासायचा आन् ही लोखंडाचा तपासणार! म्हणलं, बघू किती दिस टिकती.

तिचं काम सांगतो. लोखंडाचा रस झाला की आम्ही पळीभर तांब्याच्या साच्यात ओततो. झटक्यात थिजून चकती व्हती. क्रांती ती घासून लख्ख करती, मशीनवर ठेवती, बटण दाबती. आत ठिणगी उडती. त्या उजेडात कार्बन, सिलिकॉन, गंधक, ज्याचा त्याचा रंग उमटतो आन् रंग किती तेज त्यावरनं मशीन आकडा काढतंय. त्या आकड्यांचा कागद आल्याबिगर भट्टी ओतायची न्हाय. घासलेल्या चकतीला बोट लावलं की क्रांती अंगावरच यायची. "मामा, तुमच्या हाताचं तेल मोजू का आता?"

तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. त्यात दोनदा तिनं खात्री करायला भट्टी थांबवली आन् दोन्ही बारीला आकडा तोच निघाला. आमचे मालक उदयसिंह दादा कावले. "परत फुकटचा खोळंबा झाला, तर उद्यापासनं येऊ नको."

त्या दिवशी हवा दमट व्हती. साच्यात थेंबभर पाणी राहिलं तर लोखंड अंगावर उडतंय. म्हणून साचा वाळायला भट्टीच्या काठाला टेकवून ठेवायची माझी सवय, त्या दिवशी जरा जास्तच वेळ राहिला. ब्रेक ड्रमचं लोखंड तयार झालं, चकती दिली. थोड्या वेळानं क्रांती बाहेर आली.

"मामा, कार्बन तीन पॉइंट एक दाखवतोय. पायजे तीन पॉइंट चार. पण कागद देत न्हाय."

"का? कमी हाय तर टाकतो की!" मी कार्बनच्या पोत्याला हात घातलासुदीक.

"थांबा! तीन ठिणग्या मारल्या, तीन तऱ्हेचे आकडे आले. चकतीच खोटी हाय. लोखंड बरोबर असलं आन् त्यात कार्बन पडला, तर ड्रम नरम निघतील."

माझं डोकंच फिरलं. "व्हय गं शहाणे! बावीस वर्षं मी काय गोट्या खेळत व्हतो?"

माझा आवाज ऐकून दादा केबिनमधनं आले. "परत खोळंबा?"

पोरगी जागची हलली न्हाय. "दहा मिनिटं द्या दादा. चूक निघाली तर न्हाय येणार उद्यापासनं."

हातोडा घेऊन तिनं चकती फोडली. आतनं पांढरी पायजे, निघाली करडी. "ही सावकाश थिजलीय. मग कार्बन वेगळा होऊन बसतो, मशीनला धड गावत न्हाय. साचा तापलेला व्हता."

एवढंच बोलली. कुणाचं नाव घेतलं न्हाय. पण साचा काठाला कुणी टेकवलेला, ते मला ठाऊक. कपाटातनं दुसरा साचा काढला, गार आन् कोरडा. नवी चकती दिली. तीन ठिणग्या, तिन्ही बारीला तीन पॉइंट चार!

दादांनी कागद बघितला. "आकडा बरोबर. पण वेळ गेलाच की. कुणामुळं?"

गप बसलो असतो तर तिच्यावर गेलं असतं. लाज वाटली मला, खरं सांगतो.

"माझ्यामुळं, दादा. साचा मी तापवला. हिनं अडवलं नसतं तर सगळे ड्रम भंगारात गेलते. काढायचंच असंल तर मला काढा."

दादा तिच्याकडं वळले. "क्रांती, उद्यापासनं..."

मी मधी पडायला पुढं झालो.

"...साचा तुझ्या ताब्यात. ह्याला मागून घेऊ दे."

तवापासनं बावीस वर्षांचा अनुभव रोज सकाळी लॅबच्या दारात उभा राहतो. "म्याडम, साचा द्या की." ती साच्यावर तळवा टेकवून बघती, गार लागला की मगच देती.