कूलरशेजारचं धुराडं

आमच्या कॉलेजची केमिस्ट्रीची नवी लॅब संस्थेच्या सचिवांच्या जावयानं आखली. जावई आर्किटेक्ट. रिंग रोडवर त्यांनी बांधलेली लग्नाची लॉन्स फार गाजलेली. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी मला विचारलं, "मॅडम, एका टायमाले किती लोकं बसतीन?"

मी म्हटलं, "बसत नाहीत. उभे राहतात. आणि हातात अ‍ॅसिड असतं."

त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. "हाव, म्हंजे बफे सिस्टीम."

मी त्या डिपार्टमेंटची हेड. डोकं तापट, जीभ त्याहून तापट, सगळं कॉलेज ओळखून आहे. पण सासऱ्याच्या संस्थेत जावयाला नाही म्हणणारा माणूस नागपुरात अजून जन्माला यायचा आहे. प्राचार्य तर जावई बोलायला लागले की स्वतःची खुर्ची पुढे सरकवायचे. मी एकच मागणं लावून धरलं. कमान करा, झुंबर लावा, वाटलं तर दारात रांगोळी काढा, पण फ्यूम हूड चालणारा द्या.

फ्यूम हूड म्हणजे काचेचं कपाट. विषारी वाफा निघणारे प्रयोग त्याच्या आत करायचे आणि वरच्या पंख्यानं त्या वाफा ओढून बाहेर फेकायच्या. जुन्या लॅबमध्येही एक होता. त्याचा पंखा केव्हाच जळला होता, आणि आत गेल्या अनेक सत्कारांतली उरलेली श्रीफळं ठेवलेली असायची. नायट्रिक अ‍ॅसिडचा पिवळा धूर, सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस, अमोनिया, सगळं आम्ही खुल्या टेबलावर करायचो आणि खोकत खोकत मार्क द्यायचो. प्राचार्यांना सांगितलं की म्हणायचे, "मॅडम, केमिस्ट्रीच्या लॅबमंदी का मोगऱ्याचा वास येईन?"

माझ्या हाताखाली एक मुलगी शिकवायची. तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, आणि घरी बसलात तर तास दुसऱ्याला. ती रोज कळमन्याकडून स्कूटीवर यायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दवाखाने करून करून ती आणि नवरा दोघंही थकलेले, आणि पावसाळा सरता सरता तिला दिवस गेले. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, वाफांपासून लांब राहा. लांब म्हणजे कुठे? लॅब सोडली की नोकरी गेली. मग ती खिडकीजवळ उभी राहून, ओढणी नाकाला लावून प्रॅक्टिकल घ्यायची.

मी रागावले की म्हणायची, "मॅडम, मले बाकी काही नको. त्या पंख्यानं तेवढं ओढलं पायजे."

तेवढंच. बाईला झुंबर नको होतं.

हूड आला. चांगला आला, खोटं कशाला बोलू? आता त्याची नळी. मी सांगितलं, सरळ गच्चीच्या वर न्या, वाफा माणसांच्या डोक्यावरून जाऊ द्या. जावयांनी तोंड वाकडं केलं. "मॅडम, गच्चीवर पाईप दिसला की बिल्डिंगचा लुक जाते."

प्राचार्य लगेच म्हणाले, "हाव ना, लुक तं गेला नाही पायजे."

मी भांडले. आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला असणार. लुकाचं पारडं जड ठरलं. नळी मागच्या भिंतीतून काढली आणि बाहेर हातभरावर संपवली. ऐन थंडी होती. नळीच्या तोंडाशेजारी, प्राचार्यांच्या केबिनच्या खिडकीखाली, एक रिकामं लोखंडी स्टँड गंजत पडलेलं होतं. आम्ही सगळे तिथे उभे राहून नळी बघत होतो. प्राचार्य, जावई, कंत्राटदार, मी. सगळे नागपूरचे. आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की ते स्टँड कशाचं आहे. आपलं असंच आहे, स्वेटर अंगावर चढला की कूलर म्हणून काही वस्तू असते हेच हे गाव साफ विसरून जातं.

त्या दिवशी पंखा लावला तेव्हा माझ्या हाताखालच्या त्या पोरीनं कागदाची एक बारीक पट्टी कापून हूडच्या तोंडाशी धरली. पट्टी सपकन आत ओढली गेली. ती टाळ्या वाजवत नाचलीच. "हळू वं, हळू!" मी ओरडले. पण मलाही इतका आनंद झाला होता की मीच दुसरी पट्टी कापली.

उद्घाटन लग्नासारखंच झालं. छताला निळे लाइट, दाराला कमान. डोळ्यात अ‍ॅसिड उडालं तर धुवायला जे नळ लागतात, ते जावयांनी दारातच एका रांगेत बसवले होते, वर आरसे आणि बाजूला साबणदानी. पाहुणे येताना तिथे केस नीट करत होते. फक्त बडीशेप राहिली होती.

मग होळी झाली. शिपायानं गोदामातून कूलर काढला, धुतला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, टाकीत पाणी भरलं आणि प्राचार्यांच्या खिडकीखालच्या त्या स्टँडवर चढवला. इकडे आमची प्रॅक्टिकल परीक्षा सुरू झाली. आमचा पंखा वाफा बाहेर फेकायचा आणि हातभरावरचा कूलर त्या मनापासून आत ओढायचा. वाळ्याच्या सुगंधात भिजवलेली सडकी अंडी थेट साहेबांच्या चेहऱ्यावर.

पहिल्या दिवशी त्यांनी शिपायाचा डबा उघडून पाहिला. दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी बदललं. मग कपाटामागे उंदीर मेला असेल म्हणून कपाटं सरकवली. मग प्लंबर आला आणि त्यानं संडासाची लाइन उकरली. केबिनमध्ये उदबत्त्यांचा असा धूर झाला की भेटायला आलेले पालक चपला बाहेर काढायला लागले. मला सगळं कळत होतं. पण मला विचारलं कोणी? मी आपली हसू दाबून पेपर तपासत होते.

शेवटी ते स्वतः खिडकीमागे कूलर बघायला गेले, आणि नेमकं तेव्हाच आत एका पोरानं अमोनिया उकळायला ठेवला. लाल डोळ्यांनी, नाक पुसत ते लॅबमध्ये आले.

"मॅडम, हे का करून राहिल्या तुम्ही?"

"परीक्षा घेते आहे, सर."

"पंखा बंद करा. उन्हाळाभर लावाचा नाही. पोरं दोन मिन्टं नाक धरतीन, का होते त्याले?"

मी म्हटलं, सर, कूलर दुसऱ्या खिडकीला लावा, नाहीतर नळी वर न्या. ही पोरगी पोटुशी आहे, हिला काही झालं तर कोण भरून देणार? दुपारी इलेक्ट्रिशियन आला आणि पंख्याची वायरच काढून घेऊन गेला.

माझ्या संतापाचं काय सांगू! दुसऱ्या दिवशी परीक्षा तर घ्यावीच लागणार होती. तासाभरात लॅबमध्ये श्वास घेववेना. ती खिडकीपासून वळली, तोंड धुतलं, पर्स उचलली आणि निघाली. मला वाटलं, घरी चालली. ती सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरली आणि कूलरसमोरच्या सोफ्यावर, झोताच्या अगदी मधोमध, पाय वर घेऊन बसली. मी तिच्या मागोमाग.

"का झालं बाई?" प्राचार्य दचकले.

"काही नाही सर. पंखा बंद आहे ना, तं इथं वास येत नाही. म्हणून इथं बसते. पोरं तोंडी परीक्षेले इथंच येतीन."

"अवं, हे ऑफिस आहे!"

ती कधी आवाज चढवणारी नव्हती. तेव्हाही चढवला नाही. "सर, तुम्हाले वास आला तं तुम्ही प्लंबर बोलावला. उदबत्त्या लावल्या. इलेक्ट्रिशियन बोलावला. मी तीन वर्षं तोच वास घेऊन राहिली. माह्यासाठी कोणी एक उदबत्ती तरी लावली का?"

कूलरची मोटर घरघरत होती. दारात पोरं जमली होती, अ‍ॅप्रन घातलेली, अंगाला तोच वास येणारी. त्यातला एक पोरगा खरंच आत आला आणि म्हणाला, "मॅडम, माझा नंबर आहे."

त्या आठवड्यात नळी गच्चीच्या वर गेली. वायर परत आली. लुक जाऊ नये म्हणून जावयांनी नळीवर प्लास्टिकचा फुलांचा वेल गुंडाळला, लॉनच्या गेटवर असतो तसला. मला काय, केळीचे खुंट बांधा, वाफ वर जाते ना?

पुढे संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात प्राचार्यांचा सुरक्षित प्रयोगशाळेसाठी शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. भाषणात ते म्हणाले, हा विषय मी स्वतः अनुभवलेला आहे. ते मात्र खरं होतं.

तिला उन्हाळ्याच्या शेवटी मुलगी झाली. ठणठणीत. आणि कॉलेजचं नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा तासिकांसाठी तिला बोलावणं गेलंच नाही. मी केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिले काढलं कोणी? फक्त बोलावलं नाही. लेकरू लहान आहे, तिलेच सोयीचं." मी सचिवांकडे गेले, तिथेही हेच वाक्य. जणू दोघांनी एकाच मास्तरकडे पाठ केलं होतं. नालायक लेकाचे, मी तोंडावर म्हटलं. काही उपयोग झाला नाही.

दिवाळीनंतर ती मला भेटायला लॅबमध्ये आली, पोरीला घेऊन. लॅबमध्ये प्रॅक्टिकल चालू होतं आणि वासाचा मागमूस नव्हता. तिनं पोरगी माझ्या हातात दिली, टेबलावरच्या कागदाची बारीक पट्टी फाडली आणि हूडच्या तोंडाशी धरली. पट्टी सपकन आत गेली.

"ओढून राहिला, मॅडम," ती म्हणाली.

हूडशी तिच्या जागी आलेली नवी मुलगी उभी होती. ओढणी खांद्यावर, नाक उघडं, पोरांशी हसत बोलत होती. तिनं वळून मला विचारलं, "मॅडम, ह्या कोण?"

मी तोंड उघडायच्या आत हिनं पोरगी माझ्या हातातून परत घेतली आणि म्हणाली, "कोणी नाही वं. पंखा पाहाले आली होती."