लूपवर उभी असलेली पॅसेंजर

जावयाचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "आई, अण्णा गेले," एवढंच तो बोलला. मी फोन ठेवला, हात धुतले आणि थोडा वेळ खुर्चीत बसले. मग उठून पोळ्या लाटायला घेतल्या. घरातलं माणूस गेल्यावर चूल पेटवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण इथे अमेरिकेत अंत्यसंस्काराची वेळच दोन-तीन दिवसांनी मिळते. तोवर काय सगळ्यांनी उपाशी बसायचं? हॉस्पिटलातून येणारी माणसं भुकेली येतात. माधवी, माझी मुलगी, दारातून आली, पोळ्यांचा डबा बघितला आणि मग रडली. जावईही जेवला. अण्णांनाही ते पटलं असतं.

अण्णा म्हणजे माझे व्याही, माधवीचे सासरे. त्यांची बायको गेली, माझा नवरा गेला, आणि मुलांनी आम्हा दोघांनाही वेस्ट विंडसरच्या या घरात आणून ठेवलं. व्याही आणि विहीण एका छपराखाली म्हटल्यावर गावाकडच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. लावू दे. ते मला 'विहीणबाई' म्हणायचे, मी त्यांना 'अण्णा', आणि दिवसातून एकदा तरी आमचं वाजायचं. मेलेल्या माणसाला देवमाणूस म्हणायची पद्धत आहे. अण्णा देवमाणूस नव्हते. चहा गार झाला की कप सरकवायचे, टीव्ही मोठ्याने लावायचे, आणि स्वतःचं चुकलं तर खोकायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. म्हणून जे बघितलं तेवढंच लिहिते.

अण्णा स्टेशन मास्तर होते. दौंडच्या पुढे, सोलापूरकडच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांचं आयुष्य गेलं. शिस्त हा त्यांचा देव. "आणीबाणीत बघायला हवं होतं तुम्ही, विहीणबाई. मेल आली की घड्याळ लावून घ्यावं!" हे मी इतक्या वेळा ऐकलं की त्यांच्याआधी मीच म्हणायची. त्याच्या पाठोपाठ इटली यायची. तिथे म्हणे पूर्वी एक फॅसिस्ट हुकूमशहा होता, त्याने आल्याबरोबर गाड्या वेळेवर आणल्या, रस्ते बांधले, सगळ्यांच्या हाताला काम दिलं. "तसा एक माणूस पाहिजे. लोक ओरडतील थोडे, पण देश वर येईल." शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये इथले ज्येष्ठ मराठी लोक जमतात. तिथे हे बोलणं फार चालायचं. देशपांडेकाका त्यांना गाडीतून न्यायचे, परत आणून सोडायचे. पत्ते, चहा, गप्पा... अण्णांचा आठवडा त्या शनिवारवर उभा होता. त्यांना ड्राइव्ह करता येत नव्हतं, आणि मुलगा-सून दिवसभर कामावर. दुसरीकडे जाणार कुठे?

दुसरं एकच ठिकाण होतं, रेल्वे स्टेशन. हवा बरी असली की दुपारी चालत तिथे जायचे आणि बाकावर बसून न्यूयॉर्कच्या गाड्या बघायचे. तिथे त्यांना पिएत्रो भेटला. नव्वदी ओलांडलेला इटालियन माणूस. तोही एकटा, तोही गाड्या बघायला आलेला. अण्णांचं इंग्रजी रेल्वेचं, पिएत्रोचं हातवाऱ्यांचं. तरी जमलं दोघांचं.

शनिवारच्या मंडळींनी एकदा अण्णांना भाषण करायला सांगितलं. विषय होता, शिस्त असेल तर देश वर येतो. अण्णा खूश. म्हणाले, इटलीची माहिती इटलीच्या माणसाकडूनच घेतो. नात रियाने आम्हाला गाडीतून स्टेशनवर नेलं आणि ती दुभाषी म्हणून बसली. मी गेले कारण मला घरात कंटाळा आला होता. अण्णांनी पिएत्रोचा हात धरून मोठ्या कौतुकाने विचारलं, तुमच्याकडच्या त्या काळच्या गाड्या, सगळ्या वेळेवर, खरं ना?

पिएत्रो हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला आणि रियाने पाणी दिलं. मग तो मोडक्या इंग्रजीत बोलायला लागला, आणि रिया अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगत गेली.

"आजोबा, तो म्हणतोय, एक्सप्रेस वॉज ऑन टाइम. त्यात फॉरेनर्स असायचे, बडे लोक असायचे. पण त्याच्या गावची जी छोटी ट्रेन होती ना, तिला साइडला उभं करून ठेवायचे. एक्सप्रेस पास होईपर्यंत."

"लूपवर," अण्णा पुटपुटले.

पिएत्रोची आई त्या छोट्या गाडीने भाजी घेऊन बाजाराला जायची. गाडी बाजूच्या रुळावर तापत उभी राहायची, पालेभाजी मान टाकायची, आणि ती पोचायची तेव्हा बाजार उठलेला असायचा. एक्सप्रेसमधले पाहुणे आपापल्या देशात जाऊन सांगायचे, काय शिस्त आहे! पिएत्रोचा बाप रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता. त्याचा पगार सरकारने कापला. संपाला बंदी. एकाने तोंड उघडलं, तर त्याला उचलून नेलं. वर्तमानपत्रात भरभराट, आणि घरात कांदा आणि काळा पाव. अण्णांनी विचारलं, मग लोक तक्रार करत नव्हते का? पिएत्रोने खांदे उडवले. रिया म्हणाली, "आजोबा, तो म्हणतोय तक्रार करणारे उरलेच नव्हते. सो नो कम्प्लेन्ट्स. सगळे हॅपी!"

अण्णा खोकले.

संध्याकाळी मी ओट्यापाशी होते. ते येऊन उभे राहिले. "विहीणबाई, तुम्ही माहेरी कशाने जायचात?"

"पॅसेंजरने. नाहीतर काय मेलने?"

"कधी लूपवर थांबायची?"

"कधी नाही थांबायची ते विचारा." माझं माहेर कुर्डुवाडीच्या बाजूला. माधवी तान्ही असताना मी एकदा निघाले होते, भर उन्हाळ्यात. गाडी एका स्टेशनावर उभी राहिली ती राहिलीच. डबा तव्यासारखा तापला, बाटलीतलं दूध नासलं, पोरगी रडून रडून निळी झाली. मास्तर हिरवं निशाण घेऊन बाहेर आले. मला वाटलं आमच्यासाठी आले. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि मेलला निशाण दाखवलं. मेल धूळ उडवत निघून गेली. हे सगळं मी अण्णांना सांगितलं, पोळी लाटता लाटता.

"कुठलं स्टेशन?" त्यांनी हळूच विचारलं.

मला कळलं ते कशाला विचारतायत. "नाव आठवत नाही. आणि मास्तर सगळे सारखेच दिसायचे."

त्यांना हसू आलं, पण पुरतं नाही. म्हणाले, "मेल रोखली तर वरून फोन यायचा. पॅसेंजर रोखली तर कुणाचाच यायचा नाही हो..."

शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. मला काळजी होती. हा माणूस आता सगळ्यांसमोर काय बोलणार? ठरलेलं भाषण केलं तर टाळ्या होत्या, चहा होता, पुढचे शनिवार होते. नाही केलं तर घर आणि बाक. अण्णा उभे राहिले, खोकले, आणि म्हणाले, "मी जन्मभर मेल वेळेवर काढली आणि पाठ थोपटून घेतली. लूपवर कोण उभं आहे, हे वळून बघितलं नाही. तुम्ही मला शिस्तीवर बोलायला सांगितलंय. हुकूमशहाचं राज्य मेलच्या खिडकीतून फार छान दिसतं. मीही तसंच बघत आलो. पॅसेंजरमधल्या बाईला कधी विचारलं नाही." मग पिएत्रोच्या आईची गोष्ट सांगितली. माझीही सांगितली, नाव न घेता. पण सगळे माझ्याकडेच बघत होते.

देशपांडेकाका चिडले. "अण्णा, तुम्हीसुद्धा? मग एवढा मोठा देश चालवायचा कसा?"

"दुसरी लाइन टाकून," अण्णा म्हणाले. "माणसांना लूपवर घालून नाही."

टाळ्या झाल्या नाहीत. चहा झाला, पण आमच्या टेबलावर कुणी बसलं नाही. देशपांडेकाकांनी आम्हाला घरी सोडलं, वाटेत रेडिओ लावला. पुढच्या शनिवारी त्यांची गाडी आलीच नाही. अण्णा शर्ट-पॅन्ट घालून खिडकीत बसले होते. मग उठले, कपडे बदलले आणि स्टेशनवर चालत गेले. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला. काही महिन्यांनी देशपांडेकाका पुन्हा यायला लागले, पत्त्यांना चौथा भिडू मिळत नव्हता म्हणून. त्या विषयावर मात्र दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या भाषणाच्या संध्याकाळचं. आमच्या घरी पहिली गरम पोळी अण्णांच्या पानात पडायची, मग जावयाच्या, मग रियाच्या. मी आणि माधवी शेवटी, डब्यातल्या खायचो. कुणी ठरवलेलं नव्हतं. इथे अमेरिकेत येऊनही कुणी बदललेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पोळी वाढायला गेले, तर अण्णांनी ताटावर हात धरला.

"आधी तुमची, विहीणबाई."

"काहीतरीच काय! मी तव्यापाशी आहे. बसू कशी?"

"उभ्याने खा. पण ही गरम आहे तोवर खा. आज मेल सिग्नलला थांबणार आहे."

रिया ओरडली, "आजोबा, यू आर टू मच!" जावई हसत ताट बाजूला ठेवून बसून राहिला. बापापुढे दुसरं काय करणार? मी ओट्याला टेकून ती पोळी तुपाबरोबर खाल्ली. सबंध जन्मात माझ्याच हातची पोळी मी इतकी गरम खाल्ली नव्हती. चांगली करते की मी!

त्यानंतर अण्णा होते तोवर रोज तसंच. मी विसरले तर ताटावर हात. आजारी पडून हॉस्पिटलात गेले, त्याच्या आदल्या दिवशीही, भूक नसताना, हात ताटावर होताच. बाकी सुधारले काहीच नाहीत. टीव्ही तेवढाच मोठा होता.

पिएत्रो अजून बाकावर बसतो. रिया त्याला कधी कधी आमच्याकडची पोळी-भाजी नेऊन देते, तो गुंडाळून खातो. अण्णांची खुर्ची आता जावयाची झाली. त्यांचं घड्याळ रियाने घेतलं. टीव्ही मी हळू लावते. पण पहिली पोळी तव्यावरून उतरली की टेबलावर कुणी ताट पुढे करत नाही. सगळे माझ्याकडे बघत थांबतात. मी तूप लावते, आणि गरम आहे तोवर खाते.