धोंडू परबांचा टाकीबाहेरचा प्रयोग

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी धोंडू परब विलेपार्ल्याच्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत वाकून उभे होते आणि टाकीतल्या काचेच्या नळीत गप्पी माशाची मादी सोडत होते. मासा करंगळीच्या पेराएवढा. महापालिका हाच मासा डासांच्या अळ्या खायला पाण्यात सोडते. इथे त्याची सोयरीक पाहिली जात होती.

परब तिथे एकतीस वर्षं परिचर आहेत. माणसं पीएचडी होऊन जातात, टाक्या परब धुतात. सध्या गंधाली मॅडमचं संशोधन चालू होतं. टाकीच्या एका टोकाला रंगीत नर, दुसऱ्या टोकाला फिकट. मधल्या नळीतली मादी साधारणपणे रंगीताकडे तोंड करून राहते. पण फिकट्याभोवती दुसरी मादी दहा मिनिटं घुटमळताना दिसली, की नळी उचलल्यावर बऱ्याचदा हीसुद्धा त्या फिकट्याकडे जाते.

“त्याच्यात काही नसलं तरी?” परबांनी विचारलं.

“काही नसलं तरी. दुसरीने पसंत केलाय ना, मग असेल काहीतरी,” गंधाली वहीतून मान वर न करता म्हणाली. “लहान माद्या मोठ्यांचं बघून शिकतात. मग त्या फिकट्याचीच पिल्लं जास्त होतात. असं बरेच दिवस चाललं तर सगळ्या टाकीचा रंग बदलेल, परब.”

परबांना यात नवल वाटलं नाही. विक्रोळीच्या त्यांच्या चाळीत हेच होत आलं होतं. आजीच्या काळात एकीने गिरणीतला केला, मग सगळ्यांना गिरणीतला हवा झाला. पुढे एकीला बँकेतला मिळाला. हल्ली मर्चंट नेव्हीचं चाललंय. नवरा वर्षातले किती महिने घरी असतो, असं कोणी विचारत नाही. पहिल्या मजल्यावरच्या पोरीने केलाय, तेवढं पुरतं.

नवल वाटलं ते त्यातून सुचलेल्या उपायाचं. परबांचा मुलगा नितेश एका मॉलमध्ये एसीची देखभाल करतो. चार वर्षांत एकोणीस घरं “कळवतो” म्हणून गेली, त्यातल्या एकानेही कळवलं नाही. पुढच्या महिन्यात तो चौतिसाचा होणार आणि ज्ञातिमंडळाच्या नियमाप्रमाणे त्याचं नाव ‘चौतीस वर्षांवरील व पुनर्विवाहेच्छू’ या यादीत जाणार. ती यादी कार्यालयात असते. कोणी मागितली की आधी शोधावी लागते. त्यापूर्वीचा शेवटचा वधूवर मेळावा रविवारी मुलुंडला होता.

परबांनी मेव्हण्याच्या मुलीला, ऋतिकाला, फोन लावला.

“तू नुसती नितेशच्या बाजूला बस. जरा हस.”

“नित्याच्या जोकवर? काका, मी काय ॲक्ट्रेस आहे?”

“धा मिनटां गो. तेवढी पुरतात. लॅबमध्ये सिद्ध झालंय.”

रविवारी ऋतिका हसली, आणि झकास हसली. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या रांगेतल्या दोन मुलींनी वळून नितेशकडे पाहिलं. मग आणखी चौघींनी. इथपर्यंत विज्ञान पूर्णपणे परबांच्या बाजूने होतं.

पण गप्पीची मादी कोणाला नातं विचारत नाही. मंडळातल्या जुन्या कार्यकर्त्या द्रौपदीबाई विचारतात.

“कोण रे ही पोरगी, धोंडू?”

“आमच्या हिच्या भावाची.” परबांना वाटलं, नात्यातली म्हटल्यावर शंका मिटेल.

“म्हणजे नितेशच्या मामाची मुलगी?” द्रौपदीबाईंनी चष्मा खाली घेतला. त्या सभागृहातल्या निम्म्या घरांत मामाची मुलगी सून म्हणून नांदत होती. “मग घरात ठरलेलं असताना इथे काय लोकांचा टाइमपास करायला आलात?”

त्यांनी हातातल्या मेळाव्याच्या छापील यादीत नितेशच्या नंबरावर पेन्सिलीने रेघ मारली. ते पाहून पहिल्या रांगेतल्या दोन आयांनी मारली. पहिल्या रांगेचं पाहून दुसरीने, दुसरीचं पाहून तिसरीने. चार मिनिटांत रेघ शेवटच्या रांगेत पोचली. का मारायची, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

ऋतिकाच्या कानावर कुजबुज गेली. ती तडक माईककडे गेली. “हॅलो, नितेश माझा आतेभाऊ आहे, बस. मला त्याच्याशी लग्न करायचं नाहीये. कधीच नाही. थँक्यू.”

ठरलेला मुलगा एका क्षणात नाकारलेला मुलगा झाला. नकारही बघून शिकता येतो, असं गंधालीच्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात आहे. परब वाचत तिसऱ्यापर्यंतच पोचले होते. जेवणाआधी ऋतिकाचा नंबर मात्र तीन आयांनी मागून घेतला.

“बाबा, पार वाट लावलीत माझी.”

“माशांत चाललं होतं रे.”

“मग माशांतलीच बघा ना सून!”

पावणेतीनला मेळाव्यासाठी मालाडहून जान्हवी आली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सकाळची ड्यूटी संपवून निघाली होती. परब आणि द्रौपदीबाई सोडले तर सभागृह रिकामं होतं. तिने काही पाहिलं नव्हतं, आणि सांगायला एकही आई उरली नव्हती. नितेश खुर्च्या रचत होता.

“संपलं?”

“केव्हाच.”

“जेवण?”

“ते तर त्याच्याही आधी.”

“मग मी काय बघायला आले?” म्हणत तिने पर्स खाली ठेवली आणि दोन खुर्च्या उचलल्या. खुर्च्या ऐंशी होत्या. त्या रचायला पंचवीस मिनिटं लागली. मग दोघं आणखी वीस मिनिटं त्यांच्याशेजारी उभं राहून बोलत होती.

परब त्या दोघांकडे निघाले. द्रौपदीबाईंनी त्यांची बाही धरली. “धोंडू, तू जाऊ नको. आणि कोणाला पाठवू पण नको.”

उद्या सोमवार. नितेशची पाळी साडेबाराला सुरू होते, जान्हवीची दोनला. दोघं साडेनऊला घाटकोपर मेट्रोच्या जिन्याखाली भेटणार आहेत. परबांना सोमवारी रजा मिळत नाही.