आपला अकरम चालते का नाही

अबे ऐक, काल मारेगावले काय झालं ते ऐक. बस इथी. चहा मंग घे.

पन असं डायरेक्ट सांगतलं तर तुले मजा येनार नाही. तू चार वर्षं पुण्याले होता, अन आमच्या गॅरेजवरचे किस्से काही एका दिवसात जमले नाही. गाडीचं जुनं ऑइल जसं खालच्या ट्रेमधी जमते, थेंब थेंब, मुद्दाम कोनी भरत नाही, अन एक दिवस पाहाल तर ट्रे वाहून राह्यला. तसं हाये हे. अन सगळे किस्से एकाच मानसाचे. अकरमचे.

अकरम म्हनजे आपल्या कबड्डी टीमचा मेन रेडर. आर्णी रोडवर मामूचं टू-व्हीलरचं गॅरेज हाये ना, त्या मामूचा सख्खा भाचा. दिवसभर इंजन खोलते, संध्याकाळी कबड्डी खेळते. टीम जिंकली तर त्याच्या भरवशावर, हारली तर त्याच्या डोक्यावर. अन चार वर्षांपासून गॅरेजच्या बाकावर एकच विषय चालू: अकरम चालते का नाही?

माह्यं मत पक्कं. नाही चालत.

विक्कीचं मत पक्कं. चालते. विक्की म्हनजे बाजूच्या मेडिकलवाला. बाकाच्या त्या टोकाले तो, ह्या टोकाले मी.

अन समोर खाली बसून अकरम, आमच्याच गाड्या दुरुस्त करून राह्यला.

*

तू म्हनशील, मानूस समोर बसला अन तुम्ही त्याचाच हिसाब काढता? हो. मांग बोलनं आपल्याले जमत नाही.

एक दिवस मी म्हनलं, "हा रेडर हाये का पोस्टमन? जाते, दारावर टिचकी मारते, वापस येते."

विक्की म्हने, "वापस येते हेच तर मोठं हाये. तुह्या पसंतीचे रेडर तिकडंच मुक्काम करते."

"डेअरिंगच नाही बे त्याच्यात. रेडर कसा पाह्यजे? घुसला पाह्यजे."

अकरम माह्या गाडीचं मागचं चाक काढून बसलता. मान वर न करता म्हने, "पंकजभाऊ, ब्रेक टाइट करू, का काढूनच टाकू? डेअरिंग होऊन जाईल."

आतून मामूचा आवाज आला, "टाइट कर रे. इसका बाप मेरा दोस्त है."

*

आता ग्राउंडचं सांगतो. कापसाचे ते दिवस तुले मालूमच हायेत. बोंडअळी आली, भाव बसले, आपल्या गल्लीमागची जिनिंग मिल बंद पडली. मालकानं पटांगण आमाले खेळाले देऊन टाकलं. म्हने, "खेळा पोट्टेहो, निदान गवत तर वाढनार नाही." अन कबड्डीले असं ग्राउंड जगात नाही. इतल्या वर्षांची रुई अन सरकी मातीत मुरली, पडलं तर गादीवर पडल्यासारखं.

तिथं मी एक दिवस चॅलेंज देल्लं. म्हनलं, "प्लेअर सोड, आम्ही बाकावरचे सात जन याले पकडून दाखवतो." पैज बिज काही नाही, इज्जतीचा सवाल.

विक्की बी आमच्याच बाजूनं उभा राह्यला. म्हने, "जवळून पाह्याले भेटते."

अकरम आला. आपल्याच तालात, हळू हळू, जसं काही पाना शोधून राह्यला. मी पाह्यलं, उजवा पाय पुढं आला. झेप टाकली अन पाय असा धरला, असा धरला, डोळे गच्च मिटून घेतले. बोंबललो, "पकडला."

डोळे उघडले तर माह्या हातात एकटा बूट. अकरम लाइनीच्या पलीकडं, एका पायात बूट घालून उभा. बाकीचे सहा जन त्याच्या मांग रांगेनं मातीत लोळलेले.

"टेक्निक चुकली त्याची," मी म्हनलं. "बूट निंगाले नाही पाह्यजे."

*

बक्षिसाचा किस्सा तर ऐकच. कापूस पडला तसे ट्रॉफ्या देनारे व्यापारी बी आटले. मंग एका टूर्नामेंटले कृषी केंद्रवाल्यानं बेस्ट रेडरले फवारनीचा पंप ठेवला. पाठीवरचा. तो भेटला अकरमले. आता ज्याच्या सात पिढ्यात कोनाची कापसाची एक पऱ्हाटी नाही, तो पंपाचं करीन काय?

त्यानं दुसऱ्याच दिवशी त्याच्यात शाम्पूचं पानी भरलं अन गाड्या धुनं चालू केलं. पाठीले पंप, हातात नळी, मस्त. लोक पाह्यालेच गाड्या आनू लागले.

चार-आठ दिवसांनी आले गजूभाऊ. गजूभाऊ म्हनजे टीमचे कॅप्टन, कापसाचं अन तुरीचं वावर हाये त्यांचं गावाबाहेर. त्यांचा पंप बिघडलता, घाईत हा उचलून नेला. आत काय हाये, कोनी पाह्यलं नाही. त्यांनी वरून दवाई टाकली, पानी टाकलं, अन मारत सुटले.

संध्याकाळी वापस आले. तोंड उतरलेलं. मामूनं इचारलं, "क्या हुआ?"

गजूभाऊ बाकावर बसले. म्हने, "दोन तास झाले, फेस बसून नाही राह्यला. अळी मेली नाही मामू. पन स्वच्छ झाली."

मी तेव्हा बी विक्कीले म्हनलं, पंप भेटला म्हनजे कोनी रेडर होत नसते. समोरची टीम दिवसभर कापूस वेचून आलती, त्यांची वाकलेली कंबर सरळ होऊन नव्हती राह्यली. अशाईले तर मी बी आउट केलं असतं. विक्कीनं फक्त इचारलं, "बूट घालून का बुटाशिवाय?"

*

अन हा जो महागावचा किस्सा हाये, हा कोनाले सांगतलास तर पाह्य. इज्जतीचा हाये.

महागावले सेमीफायनल. टीम अन आम्ही सगळे एकाच टेम्पोत. टेम्पो कापसाचा, सकाळीच खाली झालेला, आम्ही सगळे पांढरे भूत. गाडी निंगाली तसा विषय निंगाला. मी म्हनलं, आज कळन. विक्की म्हने, कधीचंच कळलं हाये. आर्णीले चहाले थांबलो, तिथं बी तेच. टेम्पोत चढलो, तेच. मी एका हातानं दांडा धरून, एका हातानं समजावून राह्यलो, का दबावात हा मानूस दिसतच नाही.

महागाव यायच्या दहा मिनिटं पहिले विक्की म्हने, "तूच इचार त्याले. अकरम, सांग रे तूच."

अकरम नाही.

अख्खा टेम्पो उलटापालटा केला. ज्याच्यावरून दोन तास भांडलो, तो मानूस आर्णीलेच राहून गेला. हाटेलाच्या मांग एका पाव्हन्याची गाडी बंद पडलती, ती पाहत बसलता तो. गजूभाऊंनी डोक्याले हात लावला. टेम्पो वळवला. वळवला तर पंक्चर.

स्टेपनी लावून आर्णीले गेलो, तिथं नाही. वापस महागावले आलो. पाह्यतो तर अकरम ग्राउंडवर, हातपाय मोकळे करून राह्यला. त्याच पाव्हन्याच्या गाडीवर, त्याच्याच मांग बसून आलता.

आमाले पाहून म्हने, "कुठी राह्यले बे तुम्ही सगळे?"

मी विक्कीले म्हनलं, "पाह्य, म्हनलं होतं ना? टायमावर दिसत नाही."

*

ती सेमीफायनल मात्र हारलो. तीन पॉईंटनं. अन अकरम शेवटच्या रेडले पकडल्या गेला.

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ गॅरेजवर आले. उभ्या उभ्याच बोलले. "नागपूरचा एक रेडर पाह्यला म्या. बोलनं झालं हाये. मारेगावची टूर्नामेंट अकरम खेळन. जिंकलो तर ठीक. हारलो तर पुढच्या सालपासून तो येईन अन अकरम बाकावर."

अकरम हात धुऊन राह्यलता, रॉकेलनं. "ठीक हाये भाऊ," म्हने, अन हात धूतच राह्यला. हात कधीचे साफ झालते.

गजूभाऊ गेले तसा मामू बाहेर आला. माह्यासमोर उभा राह्यला. "चार साल से यही मांग रहा था ना तू? मिल गया. अब चाय पी."

खरं सांगू? तो चहा काही जमला नाही. पन मत बदललं नाही मी. मत म्हनजे मत. मी विक्कीले म्हनलं, मारेगावले मी येनार, अन पहिल्या लाइनीत उभा राहनार, अन जे हाये ते तिथंच सांगनार.

*

तर काल. मारेगाव, फायनल. समोर राजूरची टीम. खानीवरचे पोट्टे ते, एकेकाचं मनगट म्हनजे आपली मांडी. दोरीच्या बाहेर मी, विक्की, मामू. मामूनं गॅरेज बंद ठेवलं होतं, हे मी जिंदगीत पहिल्यांदा पाह्यलं.

शेवटची रेड. आपन एका पॉईंटनं मांग. राजूरचे तीनच जन आत: डाव्या कोपऱ्यात एक, उजव्या कोपऱ्यात एक, मधात एक. एकाले हात लागला तर बरोबरी, दोघाले लागला तर कप आपला. अन पकडला तर नागपूर.

गजूभाऊंनी टाइम आउट घेतला. सगळे प्लेअर अकरमले घेरून सांगून राह्यले, असं कर, तसं कर. अकरम कोनाकडं पाहून नाही राह्यला. गुळनी केली, पानी थुकलं, अन त्या घोळक्यातून निंगून सरळ दोरीपाशी आला. माह्यासमोर.

"पंकजभाऊ."

"काय रे?"

"डाव्या कोपऱ्यावर जाऊ का उजव्या?"

मले वाटलं मजाक करून राह्यला. पन चेहरा सीधा. विक्की माह्याकडं पाहून राह्यला, मामू माह्याकडं, तिकडून गजूभाऊ. चार वर्षांत पहिल्यांदा मले कोनी इचारलं. अन मले तर उत्तर मालूमच होतं.

"डावा," मी म्हनलं. "डाव्याचा गुडघा गेला हाये, पहिल्या हाफपासून पाहून राह्यलो मी. लंगडून राह्यला तो. आंधळ्यानं जावं असा डावा हाये."

"पक्कं?"

"लिहून देतो."

अकरमनं मान हलवली. गिऱ्हाईक सांगते ना, इंजनातून असा आवाज येते म्हून, अन तो ऐकून घेते, तशीच. अन गेला.

शिट्टी झाली. तो कबड्डी कबड्डी करत आत शिरला अन सरळ उजवीकडं. डाव्याकडं पाह्यलं बी नाही, भाऊ. मी बोंबललो, "डावा, अबे डावा," तोवर त्याचा हात उजव्या कोपऱ्याच्या खांद्यावर टेकला, वळता वळता मधल्याच्या घोट्याले पाय लागला, दोघंही अंगावर पडले, अन त्या ढिगाखालून एक काळा हात बाहेर आला. ऑइलचा काळा. बोटं लाइनीच्या अलीकडं.

दोन पॉईंट.

पुढं काय झालं मले नीट आठवत नाही. मामू नाचला. मामू नाचते हे कोनाले सांगून पटनार नाही. विक्की माह्या गळ्यात पडून रडून राह्यलता, मी बी. गजूभाऊंनी तिथंच फोन काढून नागपूरवाल्याले सांगतलं, नोको येऊ भाऊ, राह्यलं ते.

मंग बक्षीस समारंभ. स्टेज, मंडप, पूर्ण मारेगाव जमलेलं. बेस्ट रेडर, अकरम. त्याले शाल, नारळ, कप. सूत्रसंचालकानं माइक तोंडासमोर धरला, म्हने, दोन शब्द बोला. आता अकरम स्टेजवर कधी बोलत नसते, आमाले वाटलं थँक्यू म्हनून उतरन.

त्यानं माइक हातात घेतला.

"मले भाषन येत नाही. एकच सांगतो. शेवटच्या रेडले मले समजूनच नव्हतं राह्यलं, कोनत्या बाजूनं जावं. माह्या एका दोस्तानं सांगतलं. त्यानं सांगतलं म्हूनच आज कप आला. ही शाल त्याची हाये. पंकजभाऊ, या वर."

अन खाली पाह्यलं त्यानं, माह्याकडं. चेहऱ्यावर काहीच नाही. ब्रेकचं इचारतानी होता, तसाच.

टाळ्या चालू झाल्या. राजूरचे प्लेअर बी वाजवून राह्यले. विक्की खुर्चीवर बसला अन तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं, खांदे हलून राह्यले त्याचे. मामू म्हने, "जा बेटा, जा. शरमा मत." सूत्रसंचालक माइकवर, "पंकजभाऊ, पंकजभाऊंनी कृपया स्टेजवर यावं." लोक मांग वळून वळून पाहून राह्यले, का कोन हाये हा मानूस ज्याले कबड्डीचं इतलं समजते. एका म्हाताऱ्यानं उठून मले जागा करून देल्ली, पाठीवर थाप मारली.

अन वर अकरम, शाल दोन्ही हातांनी उघडून उभा.

आता सांग. खरं सांग हो, तू असता तर काय केलं असतं?