कडावला रस्ता कुठला?

आमचे फिटरआप्पा जन्मले कडावला, त्यांचं लग्न झालं कडावला आणि रिटायर झाल्यावर ते कायमचे राहायला आले तेही कडावलाच. तरी दर रविवारी सायकलवरून परत येताना घर चार किलोमीटरवर राहिलं की ते ब्रेक दाबायचे, एक पाय जमिनीला टेकवायचे आणि समोर दिसेल त्याला विचारायचे, "कडावला रस्ता कुठला वो?" रस्ता नाकासमोर सरळ. फाट्यावर हातभर अक्षरांची पाटी. आप्पा त्या पाटीखालीच उभे राहून विचारायचे.

आम्ही म्हणजे कर्जतच्या नव्या बिल्डिंगांमध्ये राहणारे पाच-सहा नोकरदार. चाळिशी उलटली, पोटं सुटली, डॉक्टरने डोळे वटारले आणि मग आम्हाला सायकल आठवली. घट्ट चड्ड्या, काळे गॉगल, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखी हेल्मेटं असा आमचा थाट. एका रविवारी नेमकी आप्पांच्या दारात माझ्या सायकलची चेन अडकली. मी अर्धा तास तेलाने हात काळे करून घेतले. आप्पा ओटीवर चहा पीत बघत होते. चहा संपल्यावर उठले, दोन बोटांनी काहीतरी केलं आणि चेन बसली. मोहोपाड्याजवळच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी जन्मभर फिटरकी केली होती.

"कुठं चाललाय?" त्यांनी विचारलं.

"कुठे असं नाही. असंच."

"असंच चालला असाल तर मी पण येतो."

पुढच्या रविवारपासून आप्पा आमच्यात आले. मुलाने त्यांना एकवीस गिअरची सायकल घेऊन दिली होती. आप्पा त्यातला एकच गिअर वापरायचे. बाकीचे वीस पाहुण्यांसाठी ठेवलेत म्हणायचे. माझ्या सायकलची किंमत मी मोठ्या तोऱ्यात सांगितली, तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, सीट दाबून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्यात म्हैस आली असती रं. ती निदान बसायला तरी मऊ असती."

माझ्या हँडलवर फोनचा स्टँड होता आणि त्या फोनमधली बाई मला डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगायची. आप्पांना तिची दया यायची. "बिचारी सकाळपासून रस्ता सांगतेय," ते म्हणायचे. "तिला कुणी पाणी इचारत नाय. आणि ती बी असली, की नवरा काय करतो ते सांगत नाय." आप्पांनी रस्ता विचारलेल्या बाईकडून नवरा काय करतो हे पहिल्या मिनिटात कळायचं. दुसऱ्या मिनिटाला गुडघ्याचं ऑपरेशन, तिसऱ्याला जमिनीची मोजणी. मूळ रस्त्याचं उत्तर आप्पा कधी ऐकूनच घ्यायचे नाहीत. समोरचा "हितनं सरळ" म्हणून हात वर करायचा, तेवढ्यात यांचं "गाय तुमचीच का?" सुरू व्हायचं.

या प्रकाराने आमचा सरासरी वेग पार रसातळाला गेला. वेगाचा आकडा दर रविवारी ग्रुपवर टाकायची मला खोड होती, त्यामुळे मी फार चिडायचो. एकदा मी स्पष्टच म्हणालो, "आप्पा, रस्ता माहीत असताना का विचारता?"

"आरं, आपण रस्ता इचारला की समोरचा शाणा होतो," आप्पा म्हणाले. "एक माणूस फुकटात खूश. तुला कुणी शेवटचं कधी काय इचारलं?" मी विचार करू लागलो, तर पुढे म्हणाले, "कंपनीत मशीनचा आवाज एवढा, की तीस वर्षं आमी हातवाऱ्यांनी बोललो. पाना पायजे तर अशी बोटं, जेवायला चल तर अशी. आता जरा तोंडानं बोलून घेतो."

दोन दिवसांची सुट्टी जोडून पाली, रोहा करत आम्ही रेवदंड्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. नारळीपोफळीतून जाणारा अरुंद रस्ता, माणूस ना काणूस, आणि लाटांचा आवाज इतका जवळ की बोलताना आवाज चढवावा लागत होता. आप्पांनी एका वाडीच्या मालकाला विचारलं, "दर्या कुठं हाय वो?" त्या गृहस्थाने आप्पांना आपादमस्तक न्याहाळलं. उन्हाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असावं. त्याने आम्हाला सावलीत बसवलं, शहाळी दिली, आणि घरात मुलीचा साखरपुडा होता म्हणून थेट पंगतीलाच नेऊन बसवलं. मी घट्ट चड्डीत पाटावर मांडी घालून बसलो होतो आणि नवऱ्यामुलाची आत्या मला पगार विचारत होती. जेवणावर ताव मारून सगळे ओटीवरच आडवे झालो. समुद्र पाहायचा राहूनच गेला, हे परतीच्या वाटेवर पेणजवळ कुणाच्या तरी लक्षात आलं. "राहू दे," आप्पा म्हणाले. "पुढच्या खेपेला परत इचारू."

आता फाट्यावरच्या कमळाताई. पाटीच्या शेजारीच त्यांची चहा-भज्यांची टपरी. आप्पांचा प्रश्न त्या इतकी वर्षं ऐकत होत्या, की खरं उत्तर द्यायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. आप्पांनी "बाई, कडावला रस्ता कुठला?" म्हटलं, की भजी तळता तळता त्या सांगायच्या, "मागं फिरा. कर्जत, खोपोली, मग घाट चढून पुण्याला जावा. तिथं कोणालाबी इचारा." आप्पा म्हणायचे, "बरं. पुण्यातनं काय आणू?" ताई म्हणायच्या, "अक्कल मिळाली तर बघा पाव किलो." मग चहा व्हायचा आणि आप्पा सरळ रस्त्याने घरी जायचे. दर रविवारी हेच. आम्हाला ते पाठ झालं होतं, तरी हसू यायचं.

शेतात भात कापणीला आलं होतं तेव्हाच्या एका रविवारी आप्पांनी असंच विचारलं. कमळाताईंनी असाच पुण्याचा रस्ता सांगितला. आप्पांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मान हलवली, सायकल उलटी फिरवली आणि कर्जतकडे निघाले.

आम्ही पोट धरून हसलो. काय नट आहे म्हातारा, असं मीच म्हणालो. पाठमोऱ्या आप्पांचा मी फोनवर व्हिडिओ काढला आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. कमळाताई हसल्या नाहीत. त्यांनी झारा टाकला, कढई तशीच पेटत्या गॅसवर ठेवली आणि साडी सावरत रस्त्याने धावत सुटल्या. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या बाईला तसं धावताना पाहून आमचं हसू थांबलं. दोनशे पावलांवर त्यांनी आप्पांच्या सायकलचं कॅरिअर धरलं. परत आणलं तेव्हा भजी कोळसा झाली होती. आप्पा बाकावर बसून घाम पुसत होते.

"तुमी कसले शिकलेले रं?" कमळाताई आम्हाला म्हणाल्या. "त्यांनी आज गपगुमान ऐकून घेतलं. पुण्यातनं काय आणू, ते पण इचारलं नाय. तुमाला कळलं नाय?"

नाही कळलं. मी तो व्हिडिओ नंतर पुसून टाकला, पण काढला होता हे पुसता आलेलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

डॉक्टर, तपासण्या, गोळ्या हे सगळं झालं. विसरण्याचा आजार, वाढतच जाणार, असं डॉक्टरने सांगितलं. पनवेलहून मुलगा आला आणि त्याने सायकलला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आप्पा जेवेनासे झाले. दिवसभर ओटीवर बसून कुलपाकडे बघायचे. पाना हातात घेऊन जन्म काढलेल्या माणसाला ते कुलूप उघडणं काहीच नव्हतं, पण मुलाने लावलंय म्हणून हात लावला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "पोरगा म्हणतो, तुमाला रस्ता ठाव नाय. आरं, मी कधी म्हणलो ठाव हाय म्हणून? मी आधीपासून इचारतच होतो की."

शेवटी कमळाताईच एका दुपारी टपरी बंद करून मुलापुढे उभ्या राहिल्या. "त्यांना रस्ता सांगायला आमी मेलो काय? ह्या रस्त्याला एक घर नाय, जे त्यांना वळखत नाय. सोड सायकल."  मुलाने काकूंकडे पाहिलं. काकू म्हणजे आप्पांच्या घरच्या. त्या म्हणाल्या, "घरात बसून बी इसरतातच हायेत." मुलाने किल्ली दिली, अट एवढीच की आमच्यातलं कुणीतरी कायम सोबत हवं.

आणखी दोन पावसाळे आप्पा आमच्याबरोबर फिरले. लांबचे रस्ते सुटले. कडाव ते कर्जत, कधी चौक गावापर्यंत. विचारायचे तसंच, फक्त आता ऐकून घ्यायचे. लोकही शहाणे झाले होते, पुढच्या वळणापर्यंतचंच सांगायचे. "त्या वडापर्यंत जावा, तिथं रामाला इचारा." राम पुढच्या पुलापर्यंत पोचवायचा. आमचा सरासरी वेग आणखी उतरला. त्याचा आकडा ग्रुपवर टाकायचं मी सोडून दिलं.

कमळाताई मात्र आता खरा रस्ता सांगायच्या, अगदी हळू आवाजात, हाताने दाखवून. असे चार-पाच रविवार गेले. एके दिवशी आप्पांचं डोकं ताळ्यावर होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "बाई, तू आजकाल खरं सांगतेस. म्हंजी माझं अवघड हाय."

कमळाताईंनी पाठ फिरवली आणि उगाचच कपबश्या विसळत राहिल्या. पुढच्या रविवारपासून त्यांनी पुन्हा पुण्याचा रस्ता सांगायला सुरुवात केली. फक्त आता आमच्यातल्या एकाने कर्जतच्या बाजूला, दोनशे पावलांवर उभं राहायचं, असं ठरलं. ते काम मी मागून घेतलं.

आता आप्पा नाहीत. गेल्या माघात गेले. मी हँडलवरचा स्टँड काढून टाकला आहे आणि फाट्यावर थांबून कमळाताईंना विचारतो. त्या मला लोणावळ्यापर्यंतच पाठवतात, पुण्यापर्यंत पाठवायची माझी योग्यता नाही म्हणे. पण आप्पांचं नाव निघालं की मला आठवतो तो त्यांचा सायकलवरचा शेवटचा रविवार.

मी माझ्या दोनशे पावलांवर उभा होतो. आप्पा फाट्यावरून उलटे वळले आणि सावकाश पॅडल मारत माझ्याकडे आले. ब्रेक दाबला, पाय टेकवला. माझ्या तोंडाकडे पाहून अदबीने म्हणाले, "साहेब, कडावला रस्ता कुठला वो?"

सात वर्षांत त्यांनी मला अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती.  मी म्हणालो, "मीपण तिकडेच निघालोय. मला नक्की ठाऊक नाही."

आप्पांचा चेहरा उजळला. "मग चला की. दोगं इचारत जाऊ."

आम्ही विचारत गेलो. कमळाताईंना विचारलं, त्यांनी डोळ्याला पदर लावून सरळ हात केला. वडाखालच्या रामाला विचारलं. बैल घेऊन येणाऱ्या एकाला विचारलं, तो त्यांचा चुलतभाऊ होता, तोही नीट सांगून पुढे गेला. शेवटी आप्पांच्या अंगणात सायकली उभ्या केल्या. काकू दारातच होत्या. आप्पांनी त्यांना विचारलं, "बाई, कडाव म्हणतात ते हेच का वो?"

काकूंनी तांब्या पुढे केला. "हेच. पाय धुवा आणि आत या. भात गरम हाय."