मामांची एकशे एकतीस अर्धवट जेवणं

सगळे ज्यांना मामा म्हणत ते आमच्या वीज कचेरीत वायरमन होते आणि मी कारकून. ते खांबावर चढायचे आणि मी त्यांचे रजेचे अर्ज पुढे पाठवायचो, म्हणजे पाठवले असते. त्यांनी रजा कधी घेतलीच नाही. त्यांच्याबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण ज्यांना लिहिता येतं त्यांना मामा माहीत नाहीत. म्हणून मीच बसलोय. चूकभूल होईल.

मामा ठेंगणे, खांद्यांत रुंद. कचेरीचा जिना चढताना त्यांचा उजवा गुडघा इतका वाजायचा, की ते वर येतायत हे मला फाइलीतून मान वर न काढता कळायचं. खांबावर चढताना मात्र गुडघा अजिबात वाजत नाही, असं ते शपथेवर सांगत. खाली उभं राहून ऐकणारं कुणी नसल्यामुळे त्यावर वाद घालता येत नसे.

त्यांच्याकडे टेकडीची लाइन होती. ओढा ओलांडून, झाडीतून वर जाणारी, पाण्याच्या पंपांना आणि दवाखान्याला वीज देणारी. बेचाळीस लाकडी खांब, सगळे मामांच्या नोकरीपेक्षा जुने. जरा वारा सुटला की कुठेतरी फांदी तारेवर पडायची, फ्यूज उडायचा, आणि मामा हातातला घास ताटात ठेवून निघायचे. तास-दीड तासात लाइट परत. मग कचेरीत येऊन रजिस्टर उघडायचे, आणि ‘लाइन किती वेळा बंद पडली’ या रकान्यात शून्य लिहायचे.

हे खोटं आहे असं त्यांच्या मनातही येत नसे. मी एकदा भीत भीत विचारलं होतं. ते म्हणाले होते, की रजिस्टर लिहितो तेव्हा लाइट चालू असते, मग बंद कुठून लिहू? बंद पडलेली लाइन म्हणजे जी आपल्याला चालू करता आली नाही ती, आणि तशी एकही नाही. मी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

तशात सरकारची अनुदानाची योजना आली. वादळवाऱ्यात टिकेल असं वीजजाळं उभारायचं, कमकुवत लाइनी बदलायच्या, कुजके खांब काढून सिमेंटचे घालायचे. आमच्या इंजिनियर बाई नव्या होत्या, तरुण होत्या, आणि टेकडीच्या लाइनीखालून जाताना डोक्यावर फाइल धरायच्या. त्यांनी अर्ज मागवला. अट एकच होती: लाइन तीन वर्षांत किमान चाळीस वेळा बंद पडलेली असावी, आणि त्याची लेखी नोंद असावी.

मी रजिस्टर काढलं. तीन वर्षं, सगळी शून्यं, एकाखाली एक, सुबक. आमच्या अख्ख्या विभागात सगळ्यांत मजबूत लाइन कुठली, तर कुजक्या खांबांवरची टेकडीची लाइन. बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी मामांना समजावून पाहिलं, की आता खरं काय ते लिहून द्या. मामा म्हणाले, मॅडम, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, आता माझ्या लाइनीची बदनामी माझ्याच सहीनं करू का?

हे चाललेलं असताना मामी डबा घेऊन आल्या होत्या. मामा डबा घरी विसरायचे, आणि मामी तो आणून देताना दर वेळी तो मुद्दाम माझ्या टेबलावर आपटायच्या, जसा काही मीच विसरलो. त्यांनी रजिस्टरात डोकावून पाहिलं.

“शून्य?” त्या म्हणाल्या. “मग मी काय भुतासाठी ताटं झाकून ठेवत होते?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन कॅलेंडरं आणली. कपाटाच्या फळीवर अंथरलेली होती ती, डब्यांखालून ओढून काढलेली. एकावर गंजाचा गोल डाग. मामा जेवणावरून उठले की मामी त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायच्या: किती वाजता गेले, किती वाजता आले, आणि जेवण परत गरम करावं लागलं तर खाली रेघ. निवृत्तीच्या दिवशी सगळी कॅलेंडरं त्यांच्यासमोर टाकायची, असा त्यांचा बेत होता. मी मोजली. एकशे एकतीस. लाइन जेवणाच्या वेळेखेरीजही पडत असणार, पण ते मामींच्या अखत्यारीत नव्हतं.

नियमावलीत लिहिलं होतं, की घटनेच्या वेळीच केलेली कुठलीही नोंद चालेल. बाईंनी अर्जाला कॅलेंडरं जोडली. मामा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मामींशी तर ते आधीही फारसं बोलत नसत, बोलायचं काम मामीच करत.

महिन्याभरानं तपासणी अधिकारी आले. किडकिडीत, शांत गृहस्थ. काम होईपर्यंत चहा घेत नाही म्हणाले, तेव्हा मी मागवलेला चहा परत पाठवला. कॅलेंडरं मामींची म्हणून त्यांनी मामींना बोलावलं होतं, आणि पंपघराची वहीही मागवली होती. त्या वहीत फक्त पंप कधी चालला ते लिहिलेलं असतं. पंप बंद असेल तर लाइट नव्हती की पंपवाला झोपला होता, हे तीवरून कळत नाही. पण पंप चालू असेल तर लाइट होती, एवढं नक्की.

त्यांनी कॅलेंडर आणि वही शेजारी ठेवून बोट फिरवायला सुरुवात केली. दोन तास कुणी हललं नाही. मग त्यांनी चार तारखांवर खुणा केल्या. त्या चार संध्याकाळी मामा सात वाजता लाइन दुरुस्तीला गेले असं कॅलेंडर सांगत होतं, आणि पंप मात्र सहा ते नऊ मजेत चालला होता.

“चार नोंदी खोट्या निघाल्या तर बाकीच्याही मला धरता येणार नाहीत,” ते म्हणाले. “या चार दिवशी तुम्ही कुठे होता?”

मामा बुटांकडे बघत राहिले. बाई मामांकडे, मामी बाईंकडे, आणि मी खिडकीबाहेर. मामा गप्प राहिले असते तर अर्ज तिथेच संपला असता. टेकडीची लाइन आहे तशी राहिली असती, आणि येत्या वादळात मामा त्याच खांबांवर चढले असते. मामींनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं.

“इथेच होतो,” मामा म्हणाले. “कचेरीत. कारकूनसाहेबांबरोबर कॅरम खेळत होतो.”

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. खोटं नव्हतं. ते कधी येतील हे मला आधी कळत नसे, पण आले की मी सोंगट्या काढायचो आणि कारण विचारत नसे.

“दुरुस्तीचं सांगून?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“घरी पाहुणे होते.”

मामींनी कॅलेंडर ओढून घेतलं. चारही तारखा बोटानं तपासल्या. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

“चारही दिवशी माझा भाऊ आला होता,” त्या म्हणाल्या.

आता सांगायला हरकत नाही. मामींच्या भावानं घर बांधलं होतं, आणि कुणाकडेही गेला की तो ते परत बांधायचा. पायापासून. वाळू कुठून आणली, गवंडी कसा पळाला, पहिला पाया कसा उकरून काढावा लागला. मामांच्या म्हणण्याप्रमाणे सव्वीस वर्षांत ती गोष्ट एकदाही छतापर्यंत पोहोचली नव्हती.

अधिकाऱ्यांनी पंपघराची वही मिटली. “मेव्हणा मोठा की धाकटा?”

“मोठा.”

“माझाही मोठाच आहे,” असं म्हणून त्यांनी टोपण काढलं आणि शेरा लिहिला. तो शेरा मला पाठ आहे: चार नोंदी कौटुंबिक कारणास्तव वगळाव्यात, उर्वरित एकशे सत्तावीस ग्राह्य. मग चहा मागितला. मामींनी चहा सगळ्यांना दिला, मामांना सोडून.

अनुदान मंजूर झालं. पावसाळ्याच्या आत सिमेंटचे खांब आले. जुने काढायच्या दिवशी मामी ओढ्यापर्यंत चालत आल्या होत्या, मीही गेलो. एका खांबाला क्रेनचा दोर लावला आणि नुसता ताणला, तर खांब जमिनीशी मोडून आडवा झाला. आत काही नव्हतं, नुसती भुकटी. मामांनी आत हात घातला तो कोपरापर्यंत गेला. आठच दिवसांपूर्वी ते त्याच्या टोकावर होते. त्यांनी हात बाहेर काढला, विजारीला पुसला, आणि मग कितीतरी वेळ पुसतच राहिले.

मामी जवळ गेल्या. तपासणीच्या दिवसापासून त्या मामांशी कामापुरतंच बोलत होत्या. त्यांनी खांबाकडे पाहिलं, मामांच्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि मोठा श्वास सोडला.

“चला, या खांबांची कटकट तर मिटली,” त्या म्हणाल्या. “रविवारी दादा येतोय. आता कुठे जाल?”

मामांनी नव्या खांबांच्या रांगेवरून टेकडीपर्यंत नजर फिरवली.

“खांब नवे आहेत,” ते म्हणाले. “ट्रान्सफॉर्मर अजून जुनाच आहे.”