थंड तवा

सोमवार, ४ जून २००१. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मला पहिला संशय आला. चपलेचा अंगठा तुटल्यामुळे मी फिरणे अर्ध्यावर सोडून परतलो होतो. पत्नी घरात नव्हती. सूनबाई न्हाणीघरात होत्या, मुलगा झोपला होता. ओट्यावर पोळपाट होता, त्यावर पीठ भुरभुरलेले. लाटण्यालाही पीठ होते. तव्याला हात लावला. तो थंड होता.

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षे तपासनीस होतो. पीठ आहे आणि आच नाही, हे माझ्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

मुलाच्या लग्नाच्या बैठकीत मी एकच अट घातली होती. मुलीने संगणकाच्या कंपनीत खुशाल नोकरी करावी. मात्र सकाळच्या पोळ्या तिनेच लाटाव्यात. बाहेरची पोळी घरात आली, त्या दिवशी नोकरी बंद. तिच्या वडिलांनी मान डोलावली. तिला कोणी विचारले नाही, मीही नाही.

मी गॅलरीत उभा राहिलो. थोड्या वेळाने पत्नी कापडी पिशवी घेऊन आली.

"आज लवकर?"

"चप्पल तुटली. पिशवीत काय?"

"दूध."

पिशवीतून वाफ येत होती.

न्याहारीला पोळी तोडून पाहिली. घडीची होती, पण आमच्या घरच्या पोळीसारखे पदर सुटत नव्हते. निष्कर्ष सरळ होता. सून आळस करते, सासू पाठीशी घालते. संध्याकाळी नोकरीचा निकाल लावायचे ठरवले. तोवर पुरावा हवा होता.

मागच्या गल्लीत यवतमाळकडची एक बाई पोळ्या करून विकत असे. चप्पल शिवून घेतल्यावर तिच्याकडे गेलो आणि पत्नीचे वर्णन सांगितले.

"येतात ना काकू रोज. अंगठा कामातून गेला त्यायचा, लाटणं धरवत नाई. तुमी कोण?"

मी कोण, ते सांगितले.

"म्हंजे पोळ्या तपासनारे काका तुमीच! तपासा खुशाल. कच्ची नाई जात माह्या घरची."

घरी येऊन पत्नीला समोर बसवले. "पोळ्या सूनबाईंनी लाटायच्या ठरल्या होत्या."

"तिने एकही दिवस लाटल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून मीच लाटल्या. साडेसातची बस, परत यायला रात्रीचे आठ. कधी लाटणार ती? दोन महिन्यांपासून मलाही जमत नाही."

"मग पोळपाटावर पीठ कशाला?"

"तुमच्यासाठी. रोज भुरभुरवते, रोज धुते."

"अंगठ्याचे मला का सांगितले नाहीस?"

"म्हणजे तुम्ही तिला घरी बसवायला मोकळे! आणि अहो, तुम्ही तोफगोळे तपासणारे. माझ्या हातावर कुठे कारखान्याचा शिक्का होता, म्हणून पाहाल?"

मी हात पुढे करायला सांगितला. अंगठ्याचे मूळ सुजून वर आले होते. याच हाताने ती मला रोज दोन वेळा वाढत होती.

आठ वाजता सूनबाई आल्या. मला बाहेरच्या खोलीत बसलेला पाहून त्यांनी आधी सासूकडे पाहिले. पर्स खांद्यावरून काढली नाही.

"सूनबाई, ती अट रद्द. नोकरी चालू ठेवा. उद्यापासून पोळ्या मी आणीन. हिला डॉक्टरकडेही मीच नेईन."

"का, बाबा?" त्यांच्या स्वरात आनंद नव्हता. यात काही डाव असावा, अशी शंका होती. दोन वर्षांच्या अनुभवावरून ती योग्यच होती.

"चप्पल तुटली त्यांची," पत्नी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "नवी घ्या हो. उद्या सकाळी पुन्हा तुटायला नको."

जेवण झाल्यावर मी पोळपाट आणि लाटणे घासले, कोरडे पुसले आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवले.